एक यलो द्या ना, सर!

"सर, एक यलो द्या ना."

दुसरा हाफ निम्मा संपला होता. आम्ही तीन-शून्य पुढे होतो. आणि विक्रोळीच्या ग्राउंडवर, ऐन मॅचमध्ये, मी रेफ्री कांबळे सरांच्या मागे मागे पळत ही विनंती करत होते.

"कशाला?" सर पळता पळताच म्हणाले.

"असंच."

"असंच द्यायला ती काय लिमलेटची गोळी आहे? बॉलकडे बघ."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि फुटबॉलमधलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी खात्री होती. आता मला नात आहे, गुडघे वाजतात, आणि त्यातलं निम्मं कळतं.

मी मिडफिल्डर. म्हणजे मैदानाच्या मधोमध राबणारी. मागच्या पोरींकडून बॉल घ्यायचा, पुढच्या पोरींना द्यायचा. गोल झाला तर नाव पुढचीचं, गोल खाल्ला तर बोलणी मधलीला. क्लबकडून मी अकरा वर्षं खेळले, पुढे देशाकडूनही खेळले. पण देशाची जर्सी मला एक वर्ष उशिरा मिळाली. ते वर्ष मी स्वतःच्या हुशारीने घालवलं. कसं, ते सांगते.

टूर्नामेंट चालू होती. आधी तीन लीग मॅच, मग सेमी, मग फायनल. इंडिया कॅम्पसाठी पोरी निवडायला निवड समितीच्या बाई येणार, अशी कुजबुज होती. येणार म्हणजे फायनललाच येणार, हे आम्ही आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. बडी माणसं फायनललाच येतात ना!

पहिल्या मॅचमध्ये मला यलो कार्ड मिळालं. यलो म्हणजे रेफ्रीची ताकीद. एका मॅचमध्ये दोन यलो झाली की रेड, म्हणजे बाहेर. पण वेगवेगळ्या मॅचमध्ये मिळून दोन झाली, तरी पुढची एक मॅच बसावं लागतं. मी हिशोब मांडला. एक यलो डोक्यावर आहे. दुसरं जर सेमीत मिळालं, तर फायनल गेली. फायनल गेली की बाई गेल्या. बाई गेल्या की इंडिया गेलं.

मग मी डोकं लावलं. दुसरी मॅच जिंकली की आमची सेमी पक्की. तिसऱ्या मॅचला अर्थच नाही. तर दुसरं यलो दुसऱ्या मॅचमध्येच मुद्दाम घ्यायचं, तिसरी मॅच आरामात बसून काढायची, आणि सेमीला कोरी पाटी घेऊन उतरायचं. झकास! मोठे प्लेयर असं करतात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कोच फर्नांडिस सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला शहाणपण शिकवलं असतं, आणि मला ते नको होतं.

प्लॅनमध्ये एकच अडचण निघाली. कांबळे सर.

आधी मी थ्रो-इनला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल हातांनी आत टाकताना, वेळ काढला. बॉल जर्सीला पुसला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. पुन्हा पुसला. सर शांतपणे म्हणाले, "घे बाळा, निवांत घे. घड्याळ थांबवलंय मी."

मग समोरच्या टीमला फ्री किक मिळाली. अशा वेळी दहा यार्ड मागे सरकायचं असतं. मी बॉलच्या पुढ्यातच देवीच्या मूर्तीसारखी उभी राहिले. सरांनी मोठमोठी पावलं मोजली, थांबले आणि बोट दाखवलं. "इथे ये. हां. आता हलू नकोस." मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

मग शिट्टी झाल्यावर मी बॉल लाथ मारून लांब उडवला. तो थेट कडेच्या नाल्यात. सर म्हणाले, "दुसरा बॉल आणा." बस. एवढंच!

म्हणून तर मी तोंड उघडून मागितलं. त्यावर लिमलेटची गोळी ऐकली. मग शेवटचा उपाय. समोरची पोरगी बॉल घेऊन निघाली, मी मागून तिची जर्सी धरली. चांगली दोन्ही हातांनी. सरांनी दोन्ही हात पुढे केले आणि ओरडले, "प्ले ऑन!" याला अ‍ॅडव्हान्टेज म्हणतात. फाउल झाला तरी बॉल समोरच्यांकडेच असेल, तर खेळ थांबवून त्यांचं नुकसान करायचं नाही. त्यांचं नुकसान झालं नाही. ती पोरगी सुटली, पुढे गेली आणि गोल मारून आली. तीन-एक.

"हेमा!" बाहेरून फर्नांडिस सर गरजले. "आंधळी कोशिंबीर खेलते काय तू?"

आता माझं डोकं सरकलं. प्लॅन-बिन सगळं विसरले. खरोखर जिंकायच्या मागे लागले. मॅच संपता संपता मी एक बॉल पुढे टाकला, आमच्या पोरीने गोल मारला, आणि कांबळे सरांनी ऑफसाइड दिला. म्हणजे ती बॉल मिळण्याआधीच फार पुढे उभी होती, असं त्यांचं म्हणणं. मी तिथपर्यंत धावत गेले.

"सर, डोळे आहेत की बटाटे?"

यलो कार्ड वर गेलं.

मला दोन सेकंद कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "थँक यू सर! थँक यू!" सर इतके दचकले की कार्ड उलटसुलट करून बघायला लागले, चुकून भलतंच दाखवलं की काय.

माझी आय मासळीची पाटी रिकामी झाली की माहुलहून बस पकडून माझी मॅच बघायला यायची. ती म्हणाली, "पिवला कागद दावला न तू हसतंस कशाला गो?"

"आय, तुला नाय समजणार. हे मोठं डोकं आहे."

"केवरं मोठं?" ती म्हणाली.

तिसऱ्या मॅचला माझ्या जागी सुनंदा उतरली. सुनंदा मानखुर्दची. तिचे वडील अकोल्याकडून आलेले. दोन वर्षं ती माझ्यामागे बेंचवर बसली होती आणि कधी कुरकुर केली नव्हती. उतरण्याआधी माझ्याकडे आली. "हेमे, काय करू गं आत?"

"काही करू नकोस," मी मोठेपणाने म्हणाले. "बॉल आला की सरळ दिसेल तिला दे. असंही या मॅचला कोण बघतंय?"

आय आणि मी वर पायऱ्यांवर बसलो. दोन पायऱ्या खाली छत्री, थर्मास आणि वही घेऊन एक बाई बसल्या होत्या. फर्नांडिस सर धावत येऊन त्यांच्याशी हात जोडून बोलून गेले. जाताना माझ्याकडे वळून बघितलं. त्या नजरेनेच मला कळलं, या कोण ते. फायनलच्या दिवशी त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं, म्हणून त्या आजच आल्या होत्या.

वाट लागली.

आत सुनंदा खेळत होती. मी सांगितलं तसंच. बॉल आला की सरळ दिसेल तिला. दोन टच, पास. दोन टच, पास. मी बॉल मिळाला की आधी एकीला चकवायची, मग दुसरीला, मग टाळ्यांसाठी थांबायची. हिच्यात तसलं काही नव्हतं. आमची टीम इतकी सुरळीत कधी चाललीच नव्हती. बाई वहीत लिहीत होत्या.

आयने दोन पायऱ्या खाली उतरून त्यांना हाक मारली. "मॅडम, ही माजी पोर. हिला पन लिवा वहीत."

"कुठे खेळते?" बाईंनी विचारलं.

"आज खेलत नाय. बसवलीय तिला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "का गं?"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षांची हेमा गप्प बसली तर ती हेमा कसली! मी त्यांना अख्खा प्लॅन सांगितला. नाल्यातल्या बॉलसकट. मला वाटलं, डोकं बघून खूश होतील.

बाईंनी थर्मासचं झाकण लावलं. "पण एकटं यलो तर लीग संपली की पुसलं जातं. सेमीला तू कोरीच असतीस. नियम अकरा. सर्क्युलर मिळालं नाही तुमच्या कॅप्टनला?"

"मिळालं."

"मग कॅप्टन कोण?"

आयने माझ्याकडे बोट दाखवलं.

सर्क्युलर म्हणजे टूर्नामेंटच्या नियमांचा कागद. मॅनेजर आणि कॅप्टनच्या मीटिंगमध्ये तो प्रत्येक कॅप्टनच्या हातात देतात. मलाही दिला होता. आता तो कुठे आहे, हे मला अचानक आठवलं. माझे बूट चुलतभावाचे होते, एक नंबर मोठे. पुढे कागदाचा बोळा घातल्याशिवाय पाय बसायचा नाही. आमच्यात निम्म्या पोरी हेच करायच्या. त्या दिवशी हाताशी आलेला पहिला जाड कागद मी डाव्या बुटात कोंबला होता.

बॅगेतून बूट काढला. बोळा उपसला. घामाने शाई पसरली होती, पण नियम अकरा नीट वाचता येत होता. दोन मॅच मी त्याच्यावर अंगठा ठेवून खेळले होते.

बाईंना हसू आवरेना. "डोळ्यांखालून नाही, निदान पायाखालून तरी घातलास," त्या म्हणाल्या आणि परत मॅच बघायला लागल्या.

सुनंदाला कॅम्पचं पत्र आलं. आम्ही फायनल जिंकलो, मी गोलही मारला, आणि तो वहीत लिहायला तिथे कोणी नव्हतं. रडले का? रडले. फर्नांडिस सरांनी मला पुढचा सीझनभर दोन टचपेक्षा जास्त खेळू दिलं नाही. बॉलला तिसऱ्यांदा पाय लागला की ग्राउंडला एक चक्कर. त्या चकरांनीच मला पुढच्या वर्षी कॅम्पमध्ये नेलं. पहिल्या दिवशी खोलीच्या दारात सुनंदा उभी.

"ये ज्युनिअर," ती म्हणाली. "बॅग तिथे ठेव. आणि बूट दाखव."

आम्ही देशासाठी पाच वर्षं मधल्या फळीत शेजारी शेजारी खेळलो. पाचही वर्षं तिने मला ज्युनिअर म्हटलं. अजूनही फोनवर म्हणते.

आता मी मॅच कमिशनर आहे. म्हणजे मॅच नियमाने होते की नाही ते बघणारी, खुर्चीतली बाई. मीटिंगमध्ये सर्क्युलर मी मोठ्याने वाचते आणि नियम अकरा दोनदा वाचते. पोरींना वाटतं म्हातारीला विसर पडतो. गेल्या वर्षी घाटकोपरच्या एका क्लबची कॅप्टन माझा कागद हातात आल्या आल्या घडी घालायला लागली. एक घडी, दुसरी घडी, चांगली जाड. मी खाली बघितलं. तिचे बूट नवे होते, पण मोठे होते.

"कितीचा नंबर गं तुझा?"

"पाच, मॅडम. पण सहाचे घेतलेत. वर्षभर चालायला हवेत ना."

तेव्हापासून मी प्रत्येक कॅप्टनला दोन कॉप्या देते. एक वाचायला, एक बुटात घालायला.