दिगंबरच्या रेझरची मूठ

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की खालील मजकूर राष्ट्रीय महत्त्वाचा आहे. वाचताना पाय पसरून बसू नये. चहाचा कप खाली ठेवावा. विषय दाढी. नेमकं सांगायचं तर दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर: कोणता घ्यावा, कुणासाठी घ्यावा, आणि चुकीचा घेतला तर इन्फंट्रीतल्या एका निवृत्त नायब सुभेदाराचं तोंड कसं दिसतं.

तो नायब सुभेदार मी. नाव मिलिंद, राहणार भोईवाडा.

सुरुवात पोस्टिंगपासून करावी लागेल. तेव्हा मी नायक होतो. आमची प्लाटून नियंत्रण रेषेजवळच्या एका पोस्टवर होती. उंची भरपूर, जागा कमी. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, मग साडेसहाला दाढी. स्टोव्हवर बर्फ वितळवून प्रत्येकाला एक मग पाणी मिळायचं. त्यातच दात, तोंड, दाढी. मग इन्स्पेक्शन. ते घ्यायचा हवालदार दिगंबर घाडी. मूळचा मालवणकडचा, वाढलेला नायगावच्या बीडीडी चाळीत. माझा बडी. म्हणजे ड्यूटीवर, जेवताना, झोपताना आम्ही जोडीने.

दिगंबरची पद्धत ठरलेली. फर्स्ट एड बॉक्समधून कापसाचा बोळा काढायचा आणि एकेकाच्या गालावरून फिरवायचा. खुंटाला एक तंतू जरी अडकला तरी दोनच शब्द: "नापास. पुन्हा." एकदा मी विचारलं, इथे बर्फात आपली दाढी बघायला येणार कोण? तो म्हणाला, "ज्याला स्वतःच्या गालावरचा केस सापडत नाही, त्याला समोरच्या डोंगरावरचा माणूस काय सापडणार?" मी पुन्हा रेझर उचलला. गालावर साबण होता.

सुट्टीवर घरी गेला तरी हा प्रकार चालू असायचा. त्याचे वडील आबा, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांना तो चाळीच्या गॅलरीत सावधान उभं करायचा आणि कापूस फिरवायचा. अख्खा मजला बघायला जमायचा. आबा दर वेळी नापास. कापूस दर वेळी एकाच जागी अडकायचा, डाव्या जबड्याखाली. शेवटच्या सुट्टीत निघताना दिगंबर म्हणाला होता, पुढच्या खेपेला पास व्हायचं, आबा. हे त्याने परत आल्यावर मला हसून हसून सांगितलं.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी दिगंबरची गस्तीची तुकडी, डेल्टा टू, निघाली. मी रेडिओ सेटवर होतो.

"डेल्टा टू, रिपोर्ट युअर पोझिशन, ओव्हर."

उत्तर नाही.

"डेल्टा टू, ओव्हर."

तिसऱ्या वेळेला दुसऱ्याच जवानाचा आवाज आला. "बर्फ आ गया. हवालदार साब नीचे हैं."

दुपारी तो आम्हाला बर्फाखाली सापडला. गालावर एक खुंट नव्हता.

मी रिपोर्ट दिला. रात्रीची ड्यूटी केली. आता मूळ विषयाकडे वळतो.

गेल्या महिन्यात दिगंबरच्या बायकोचा, शर्मिला वहिनींचा फोन आला. चाळीच्या जागी आता टॉवर झालाय, घाडी मंडळी बाविसाव्या मजल्यावर राहतात. सोसायटीने ठरवलं की खालच्या हॉलमध्ये दिगंबरचा फोटो लावायचा. रविवारी सकाळी दहा वाजता. पडदा आबांनी बाजूला करायचा. सगळं ठरलं, फुगे आले, आणि सोमवारी आबांनी जाहीर केलं की मी येणार नाही.

कारण दाढी. आबांना हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी बजावलंय की कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही, शक्यतो ट्रिमरच वापरा. वहिनींनी घरातले सगळे रेझर जप्त केले. पण ट्रिमर खुंट ठेवतो. मी फोनवर आबांना म्हटलं, मग सलूनवाल्याला घरी बोलावू. आबा म्हणाले, दिगंबरच्या इन्स्पेक्शनला दुसऱ्याच्या हातची दाढी चालत नाही. दिगंबरचा रेझर त्याच्या ट्रंकेतून घरी आलेला आहे, तो मला द्या, नाहीतर फोटो तुम्हीच उघडा. मग आवाज एकदम बारीक झाला.

"ह्या तोंडान मी तेच्यासमोर उभो रवाचंय नाय."

सांगायला लाज वाटत नाही, माझ्या अंगात वीज संचारली. निवृत्त झाल्यापासून लोक मला फक्त सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल विचारतात. आणि आता चक्क मोहीम. उद्दिष्ट: रविवारी आबांची गुळगुळीत दाढी, आबांच्याच हाताने. अट: रक्ताचा थेंब सांडता कामा नये. वहिनी म्हणाल्या, रविवारपुरतं मी मान्य करते, पण आधी तुमच्या तोंडावर प्रयोग.

पहिला प्रयोग वहिनींकडून आणलेल्या दिगंबरच्याच रेझरचा. जाड स्टीलचा, वजनदार. ज्यांनी असा रेझर पाहिला नाही त्यांच्यासाठी: वर टोपी, खाली प्लेट, दोन्हींच्या मध्ये ब्लेड, आणि खालून स्क्रू होणारी मूठ. ब्लेडची धार आणि प्लेट यांच्यात जी फट असते, तीच रेझरचा स्वभाव ठरवते. फट मोठी तर रेझर तापट. आणि प्लेटची कड सरळ नसून कंगव्यासारखी दातेरी असेल, तर त्वचेला आधार कमी आणि धारेला रान मोकळं. दिगंबरचा रेझर तापटही होता आणि दातेरीही. त्याची दाढी म्हणजे नारळाचा काथ्या, तिला हाच हवा होता. मी आरशासमोर उभा राहिलो, मोठ्या दिमाखात पहिला हात मारला, मग दुसरा. बाहेर आलो तेव्हा हनुवटीवर वर्तमानपत्राचे तीन कपटे चिकटवलेले होते. बायको भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "युद्ध कधी जाहीर झालं?"

दुसरा रेझर लालबागमध्ये घेतला. याला फुलपाखरू म्हणतात. मुठीच्या तळाची कळ फिरवली की वरचे दोन दरवाजे पंखासारखे उघडतात, ब्लेड आत टाकायचं, कळ उलटी फिरवायची, दरवाजे बंद. काय ते रूप. मी नुसताच उघडझाप करत अर्धा तास बसलो होतो. दाढीही अशी झाली की स्वतःचाच गाल कुरवाळत बसावंसं वाटलं. मी विजय जाहीर केला आणि गुरुवारी नायगावला पोचलो.

आबांनी रेझर हातात घेतला. कळ फिरेना. बारीक कळ, आणि आबांची बोटं आता पूर्ण मिटत नाहीत. मूठही सडपातळ, दोनदा खाली पडली. वहिनींनी ती उचलली, माझ्या हातात ठेवली आणि शांतपणे विचारलं, "भाऊजी, दाढी तुमची करायची होती की आबांची?"

ही फौजी चूक. आम्हाला बूट, ब्लँकेट, मगपासून सगळं एकाच नमुन्याचं मिळतं. मला चाललं म्हणजे प्लाटूनला चाललं. रेझरच्या बाबतीत हे धोरण साफ चुकीचं आहे. रेझर दाढीला बघून घ्यायचा, त्वचेला बघून घ्यायचा, आणि हे कुणी सांगत नाही, हाताला बघून घ्यायचा.

तिथून मी थेट दादरला गेलो. फुलबाजाराच्या मागे एक जुनं दुकान आहे, तिथले शेठ दाढीच्या सामानाबद्दल देवाच्या मूर्तीबद्दल बोलावं तसं बोलतात. मी सगळी परिस्थिती सांगितली. वय, गोळ्या, सैल पडलेली मान, जोर देऊन घासायची सवय. त्यांनी एक साधासा रेझर पुढे ठेवला. तीन सुट्ट्या तुकड्यांचा, प्लेटची कड सरळ, फट अगदी बारीक. म्हणाले, याच्याइतका गरीब रेझर माझ्याकडे दुसरा नाही. डोकं उत्तम होतं. मूठ मात्र पेन्सिलीएवढी आणि गुळगुळीत. जाड मूठ आहे का? नव्हती.

दिगंबरचा रेझर माझ्या खिशात होता, शेठना दाखवायला आणलेला. त्याची मूठ बोटभर जाडीची आणि तिच्यावर जाळीसारख्या खोल रेघा कोरलेल्या. त्याने ती मुद्दाम तशी निवडली होती, कारण थंडीत बधिर झालेल्या बोटांत दुसरी मूठ टिकत नाही. मी तिच्याकडे बघितलं. शेठनी बघितलं. मग दोघांनी एकाच वेळी हात पुढे केला.

जुनं डोकं काढलं. नवीन ठेवलं. मूठ फिरवली. आटे लागले. आणखी फिरवली. डोकं असं घट्ट बसलं की जणू एकाच कारखान्यातून आलंय. मी शेठना मिठी मारली. काउंटर मध्ये असल्यामुळे अर्धीच झाली. लगेच फोन लावला.

"वहिनी, मूठ दिगंबरची, डोकं नवीन. ओव्हर."

"कुणाचं डोकं?"

"रेझरचं. ओव्हर."

"भाऊजी, हा मोबाईल आहे."

शुक्रवारी प्रशिक्षण. नवीन सलूनवाले हात बसवायला फुगा वापरतात, हे मला माहीत होतं, आणि फुगे तर घरात होतेच. एक फुगवला, त्याला साबणाचा फेस लावला आणि आबांना म्हटलं, याची दाढी करा. आबांनी रेझर मुठीत आवळला आणि रंधा मारावा तसा ओढला. धडाम. दुसरा फुगा. धडाम. तिसऱ्याला शेजारचे निवृत्त हवालदार, पोलीस खात्यातले, काठी घेऊन दारात आले. कुणी कुणावर फायर केलं याची त्यांनी रीतसर चौकशी केली आणि मग खुर्ची ओढून तिथेच बसले. पुढचे फुगे तेच फुगवून देत होते.

मी हुकूम बदलला. मूठ आवळायची नाही. शेवटच्या टोकाला नुसत्या बोटांच्या टोकांनी धरायची. जोर लावायचाच नाही, वजनाला काम करू द्यायचं. तेवढ्या जाड मुठीवर आबांची न मिटणारी बोटं बरोबर बसली. रेझर फुग्यावरून उतरला. मागे एक स्वच्छ लाल पट्टा. पुन्हा एक. फुगा पूर्ण उघडा झाला आणि फुटला नाही. पोलीस हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी फुग्याला कापूस लावून बघितला.

शनिवारी खऱ्या गालावर. रक्त नाही. वहिनींचा जीव भांड्यात पडला. आबांनी स्वतः कापूस मागितला. उजवा गाल, डावा गाल, ओठावर, सगळीकडे पास. मग डाव्या जबड्याखाली. तिथे एक पांढरा तंतू लटकत राहिला.

आबा खाली बसले. "थयसरच," जबड्याखाली बोट ठेवून म्हणाले. "तो हसत आसतलो."

माझ्या ओठांवर दुसराच हुकूम आला होता. जुनं दातेरी डोकं लावा, एकच हात मारा. ट्रेनिंगमध्ये आम्ही तेच केलं असतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी हुकूम गिळला आणि हातात काही असावं म्हणून कापूस घेतला. आबांच्या जबड्याखाली तो खालून वर नेला: अडकला. वरून खाली: अडकला. कानाकडून हनुवटीकडे: अडकला. हनुवटीकडून कानाकडे नेला आणि तो लोण्यावरून जावा तसा गेला.

मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसाच गेला.

तिथले केस आडवे होते. सगळ्या चेहऱ्यावरचे खाली वाढतात आणि तेवढ्या तळहाताएवढ्या जागेतले कानाकडे झोपलेले. आबा जन्मभर तिथे वरून खाली रेझर ओढत आले आणि ते केस आडवे पडून धार चुकवत राहिले. दिगंबरचा कापूस दर वेळी हेच सांगत होता. आम्ही त्याला फक्त परीक्षक समजलो.

नवीन आदेश: तेवढ्या जागेवर आधी हनुवटीकडून कानाकडे. मग पुन्हा फेस लावून, हात पिसासारखा ठेवून, उलट. हे आजच नाही, कातडीला एक दिवस विश्रांती. थेट रविवारी. रंगीत तालीम नाही.

रविवारी साडेसहाला मी बाविसाव्या मजल्यावर हजर. आबांनी मला बाथरूमच्या बाहेर थांबायला सांगितलं. वहिनी माझ्या शेजारी, हातात तुरटीचा खडा. आतून ब्रशचा आवाज. मग नळ. मग रेझरचा बारीक खरखर आवाज, थांबून थांबून. एका क्षणी तो पूर्ण थांबला आणि बराच वेळ परत आलाच नाही. मी दाराला हात लावला. वहिनींनी माझं मनगट धरलं. आत खरखर पुन्हा सुरू झाली, इतकी हलकी की कान द्यावा लागला.

दार उघडलं. आबा बाहेर आले. चेहरा पाण्याने चमकत होता. वहिनींनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, मान वर करायला लावली. थेंबसुद्धा नव्हता. तुरटीचा खडा त्यांनी पदराला पुसला, विनाकारण.

मी खिशातून कापूस काढला आणि पुढे झालो. आबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"तुझो अधिकार नाय, मिलिंदा. तपासणी हवालदार करतलो."

दहा वाजता हॉल भरला. मी मेडल लावून गेलो होतो. हनुवटीवरच्या जखमा अजून दिसत होत्या, कुणीतरी त्या लढाईतल्या समजून मला खुर्ची दिली. आबांनी पडदा बाजूला केला. फोटोत दिगंबर बावीस-तेवीसचा, नव्या वर्दीत, हसू दाबून धरलेला. सेक्रेटरींनी दोन मिनिटं शांततेची सूचना केली. सगळे उभे राहिले.

आबा फोटोसमोर सावधान उभे होते, गॅलरीत उभे राहायचे तसे. मग त्यांचा हात हलला. त्यांनी खिशातून कापूस काढला आणि डाव्या जबड्याखालून फिरवला. एकदा कानाकडे, एकदा परत. तो फोटोच्या काचेपुढे धरला, आणि त्या शांततेत, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आता बोल, हवालदारा. कापूस अडाकलो नाय."