मुरगूडपातूर गार

चाचा आधी गाडीची दाढी करायचे. बॉनेट उघडलं की खिशातून दाढीचा ब्रश निघायचा. वाटीत साबण घोटून ते एसीच्या पाइपला फेस फासायचे आणि वाकून बसायचे. जिथे बुडबुडा, तिथे गळती. त्यांच्या स्वतःच्या गालांवर मात्र आठवड्याचे खुंट. "ब्रश एकच हाय, पावणं. आदी गिऱ्हाइकाची."

तुम्हीही असं गिऱ्हाईक पाहिलं असेल, कदाचित तुम्हीच असाल, ज्याला गळती काढायला वेळ नसतो. "चाचा, आजच्यापुरता नुसता गॅस भरा" म्हटलं की संपलंच. "गळक्या घागरीत पानी भराय मी खुळा हाय व्हय?" हे निम्म्या उद्यमनगरला ऐकू जायचं. एका पुढाऱ्याची गाडीही त्यांनी अशीच परत धाडली होती. नंतर दोन दिवस गॅरेजला कुलूप लावून घरी बसले, एवढं मात्र ते सांगत नसत.

त्यांच्या स्वतःच्या व्हॅनचा एसी कधीच चालला नाही. "गावाच्या गाड्या गार, आमची तेवढी भट्टी," त्यांची एकुलती एक लेक म्हणायची. तिचं लग्न ठरलं मुरगूडला, भर मे महिन्यात. चाचांनी शब्द दिला, "तुला गार गाडीतनं धाडतो." आणि माझी, म्हणजे जुन्या गिऱ्हाइकाची, गाडी मागितली. चालवायला मीच, कारण भाड्याच्या ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता असंही नाही.

लग्न लागलं आणि ऐन पाठवणीच्या वेळी एसीनं दगा दिला. वऱ्हाड खोळंबलेलं आणि चाचा नव्या शेरवानीत बॉनेटखाली. फेसानं गळती दाखवली, पण पाइप उतरवून जोडायला वेळ कुठला? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, व्हॅनमधली टाकी आणली आणि नुसता गॅस भरला. मी बघतोय हे दिसल्यावर गुरकावले, "कुठं बोलशीला तर बघा!" इतक्या वर्षांत चाचा मला एवढे कधी आवडले नव्हते.

मग रडारड झाली. चाचांनी खिडकीतून डोकं आत घातलं. बापाचा जीव तुटतोय, असं बायका म्हणाल्या. आत लेक कुजबुजली, "अब्बा, नुसता गॅस भरलासा न्हवं?"

"गप बस. मुरगूडपातूर पुरंल."

रडता रडता ती फस्सकन हसली.

पुरला तो कागलपर्यंत. पुढे गाडीची भट्टी झाली. नवरदेवानं काच खाली घ्यायला हात नेला, तर तिनं तो घट्ट धरला. त्याला वाटलं, प्रेमानं.

"काचा उघडायच्या न्हाईत," ती म्हणाली. "मागच्या गाडीत मामू हायत. त्यांनी बघितलं तर अब्बास्नी लगेच फोन जाईल."

मुरगूड येईपर्यंत आम्ही तिघं बंद काचांआड घामानं निथळत होतो. हात तिनं शेवटपर्यंत सोडला नाही. उतरताना मला म्हणाली, "अब्बास्नी सांगा, दारापर्यंत गार हुतं."

परत आलो तेव्हा चाचा रिकाम्या मांडवात एकटेच बसले होते.

"पुरला?"

"दारापर्यंत गार होतं," मी म्हणालो.

माझ्या शर्टावर वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघा होत्या. चाचांनी त्या नीट पाहिल्या. मग शेरवानीच्या बाह्या वर सारल्या आणि खिशातून ब्रश काढला.

"बॉनेट उघडा की," ते म्हणाले. "परवा लेक माघारी यायची हाय."