सहावीच्या वर्गाची खिडकी

मिशनची शाळा दीड वर्षाने उघडत होती. त्या सकाळी मी बातमीदार म्हणून फाटकाशी उभा होतो. मैदानात चुन्याची वर्तुळं आखलेली होती, व्हरांड्यात हात धुवायला बादल्या भरून ठेवल्या होत्या. मुलं मात्र बाहेरच, पालकांच्या हाताला धरून.

अडचण सहावीच्या वर्गाची होती. टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांना थेट घरी जाता येत नसे. आधी त्यांना शाळेत ठेवत. सहावीच्या वर्गात याच वाडीतला एक तरुण होता. त्याची आई रोज दुपारी पेजेचा डबा शाळेच्या गडग्यावर, दगडी कुंपणावर, ठेवून मागे सरायची. तो डबा घेऊन खिडकीत बसायचा आणि जेवण होईस्तोवर दोघं लांबूनच बोलायची. एक दिवस त्याला धाप लागली. रुग्णवाहिकेतून जिल्हा रुग्णालयात नेलं, तिथेच तो वारला. अंत्यसंस्कारही तिकडेच उरकले. घरी काहीच आलं नाही.

पुढे त्या खिडकीत सावली दिसते असं वाडीत बोललं जाऊ लागलं. पालकांचं म्हणणं एकच होतं: वर्गासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं, नारळ द्यायचा, मगच मुलं आत जातील.

"काल फादरांनी सगळ्या वर्गांत पवित्र पाणी शिंपडलंय," मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, फादरांचा पाणी तुमच्या भुतांक," एक बाप म्हणाला. "हो आमच्या वाडीतलो. तेका इंग्लिश प्रार्थना खंय कळतली?"

"गप रवा," त्याची बायको म्हणाली. "ह्याच शाळेत धा वर्षां होतास. तुमका तरी खंय कळली?"

मास्कांआडून हशा पिकला. सिस्टरही हसल्या. अखेर त्यांनी मान्य केलं, पण गाऱ्हाणं फाटकाबाहेर. आवारात काही नको.

गावचे म्हातारे मानकरी नारळ घेऊन पुढे झाले.

"बा देवा महाराजा, आज ही पोरां शाळेत जातत. हय कोणाची सावली रवली आसात, तर तिका सात समुद्रापलीकडे घालव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"तात्यानू, नको."

त्या तरुणाची आई गर्दीच्या मागे उभी होती. ती कधी आली, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"तेका घालवू नकात. मुंबैसून घराक म्हणान इलो तो. घर हयसून दिसता, तरी हयच अडाकलो. तेका घराक येवक सांगा."

मघाचा बाप खाली बघत राहिला. मानकऱ्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि घसा खाकरला. त्या दिवसांत कुणी खाकरलं की माणसं मागे सरत. या वेळी कुणी सरलं नाही.

"देवा महाराजा, बोलण्यात चूक झाली ती पोटात घाल. हय अडाकलो तो आपल्या आवशीबरोबर घराक जांव दे रे महाराजा."

"व्हय महाराजा." आवाज या वेळी बारीक होता. सिस्टरांचे ओठ हलले की नाही, मास्कमुळे कळलं नाही.

नारळ फुटल्यावर सिस्टरांनी फाटक उघडलं आणि मुलांच्या आधी तिला आत घेतलं. शिपायाने नेमाप्रमाणे तिच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरलं. ती वर्गात गेली नाही. बाहेरच्या बाजूने खिडकीखाली जाऊन उभी राहिली.

"चल रे बाबा," ती म्हणाली. "पोरांची शाळा सुरू झाली."

मग मुलं आत गेली. सहावीत एका बाकावर एक असं बसवलं. खिडकीजवळचा बाक सगळ्यात शेवटी भरला. पहिल्या दिवशी हजेरी चांगली होती, एवढंच मी बातमीत लिहिलं.

तिचं घर गडग्यापलीकडे माडांत आहे. तिथे जाणारी पायवाट जेमतेम एका माणसापुरती. ती परत निघाली तेव्हा मी बघत होतो. वाट मोकळी सोडून ती कडेच्या ओल्या गवतातून चालत होती.