मावशींच्या विहिरीच्या पायऱ्या

पाणीटंचाईवर पुस्तक लिहिणारा माणूस रिकाम्या बादल्या मांडून टँकरची वाट बघत असतो, तेव्हा त्याने स्वतःला फार शहाणं समजू नये. मी समजत होतो.

बायकोची नोकरी हिंजवडीत, म्हणून आम्ही शनिवार पेठ सोडून तिकडे फ्लॅट घेतला. सोसायटीतले बाकी सगळे दिवसभर कंपनीत. मी घरी बसून लिहिणार, म्हणजे रिकामाच. त्यामुळे सेक्रेटरी मी झालो.

आमच्या भिंतीपलीकडे गावातल्या एका मावशींचा भाजीचा तुकडा आणि दगडी विहीर होती. माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे. त्या पाणी पायऱ्यांनी मोजत. "चैतात सात पायऱ्या उघड्या पडत्यात," त्यांनी मला सांगितलं होतं. "आठवी दिसली की मी मोटर लावीत न्हाई. पान्याला बी दम खाऊ द्यावा लागतो, सर." मी ते उतरवून घेतलं आणि खाली माझी शास्त्रीय भर घातली: जमिनीखालचं पाणी कुंपण ओळखत नाही, विहिरीला खेटून खोल बोअर मारली, तर बोअर विहीर पिऊन टाकते. या वाक्यावर मी खूश होतो.

त्या उन्हाळ्यात टँकर दोन-दोन दिवस येईना. मीटिंगमध्ये बोअर मारायचं ठरलं आणि रविवारी जागा बघायला पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो पार्किंगमधून चालू लागला. त्याने चपला काढायला सांगितल्या, म्हणून एरवी दिवसभर प्रोग्राम लिहिणारी ती हुशार मंडळी तापल्या फरशीवरून अनवाणी, मोबाईलवर शूटिंग करत त्याच्यामागे. मला हसू आवरेना. भिंतीपाशी नारळ ताडकन उभा राहिला. पलीकडे हाकेवर मावशींची विहीर. तिथे पाणी आहे हे सांगायला नारळ कशाला हवा होता?

माझं हसू तिथेच संपलं. चौथ्या प्रकरणाची प्रुफं घरात टेबलावर पडली होती. नुसती आणून वाचून दाखवली असती तरी पुरे होतं.

"काका, ठरावावर सही करा ना प्लीज," एकजण म्हणाला. "मशीनवाल्याला आजच कन्फर्म करायचंय."

दोनच दिवसांपूर्वी बायको अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून कंपनीच्या बसमागे धावली होती. ते कारण मी पुढे बरीच वर्षं स्वतःला देत आलो. खरं एवढंच, की पाणी मलाही हवं होतं. मी सही केली.

बोअरला भरपूर पाणी लागलं. पेढे वाटले गेले. मी डोक्यावरून बादल्याच्या बादल्या ओतून आंघोळ केली आणि मला लाज वाटली नाही, बरं वाटलं. लाज नंतर वाटली, फुकटची.

पुस्तक पुढच्या चैत्रात आलं. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला पहिली प्रत लेखकाने स्वतः नेऊन द्यायची, ही आमच्या पेठेतल्या प्रकाशकाची शिस्त. मी ती पाळायला गेलो. विहिरीच्या सगळ्या पायऱ्या उघड्या होत्या. तळाला भेगाळलेला गाळ. वाफे पांढरे पडले होते आणि मोटर काढून बांधावर ठेवली होती.

मावशींनी पुस्तक घेतलं, स्वतःबद्दलची पानं शोधली आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेल्या. बोअरच्या वाक्यावर बोट थांबलं.

"हे कवा लिवलंत?"

"दोन वर्षं झाली."

"म्हंजी बोअरच्या आदी."

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी पुस्तक मिटलं, पदराने पुसलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"मला ह्ये ठावंच हाय, सर. तुमच्या सोसायटीत द्या कुनाला तरी वाचाया."

ती प्रत अजून माझ्याकडे आहे. सोसायटीत मी ती कोणालाच दिलेली नाही. वाचतील, आणि बोअरच्या ठरावाखाली सही कोणाची होती ते त्यांना आठवेल.