समासाचे तीन गुण

"बाई, आत येऊ?"

तेरा वर्षं ती आमच्या समोरच्या घरात राहिली आणि त्यातली पहिली अकरा वर्षं दिवसातून दोनदा तरी हे विचारत आली. आमचं दार सताड उघडं. मी समोरच खुर्चीत लसूण सोलत बसलेली. मला ती दिसतेय, तिला मी दिसतेय. तरी उंबऱ्याबाहेर चपला काढून, उजवा पाय थोडासा उचलून ती थांबायची. "अगं ये की, विचारतेस काय!" म्हटलं की मगच तो पाय आत पडायचा.

बेल न वाजवता थेट फ्रिजपर्यंत पोचणाऱ्या शेजारणी तुमच्याही जिन्यात असतील. आमच्या पिंपरीच्या जिन्यात तर सगळ्या तशाच, मीसुद्धा. म्हणून हिचा तो अधांतरी पाय मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. छत्तीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई मी. आत यायला परवानगी मागणारं कुणी दिसलं की मला भरून यायचं. ती का विचारते, हे तिला विचारावं असं मात्र कधी डोक्यात आलं नाही. प्रश्न विचारायचे ते उत्तर आपल्याला पाठ असलेले, अशी माझी सवय.

ती बुटकी, गोरी, केसांत मेंदीची नारिंगी रेघ. जातीची सिंधी, उल्हासनगरची असं सांगायची. तिच्या घरी नुसतं पाणी कधी मिळालं नाही. पाण्याबरोबर भाजलेला पापड यायचाच. कुरिअरवाल्याला पापड, मीटर बघायला आलेल्याला पापड. "नुसतं पाणी देऊन माणसाला परत नाही पाठवायचं, बरोबर ना बाई?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते 'बरोबर ना बाई' असायचं. मी मान हलवली की तिचं वाक्य पुरं व्हायचं.

एकच खोड होती. आमच्या महिला मंडळाची सहल निघाली की हिचे पाय दुखायचे. कोल्हापूर असो, गणपतीपुळे असो. "माझा पाय दुखते, बाई. तुम्ही जाऊन या." आणि हीच बाई पाणी येण्याच्या दिवशी भरलेल्या कळश्या घेऊन तीन मजले चढायची. एकदा भिशीत मी म्हटलं, "हिचे पाय पिंपरी-चिंचवडची हद्द आली की दुखायला लागतात!" सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली. मी खूश. किती अचूक बोलून गेले, हे मला पुढे तीन वर्षांनी कळायचं होतं.

तिची लेक नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण तिकडेच झालं. हिने शेरभर डिंकाचे लाडू वळले आणि जावयाच्या हातात दिले. स्वतः गेली ती बाळ दीड महिन्याचं झाल्यावर. "काय दगडाची आई आहे," असं मी आमच्या मिस्टरांना म्हटलं. ते आकुर्डीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, कमी बोलणारे. म्हणाले, "असेल काहीतरी." पण माझ्या निकालानंतर अपील नसायचं.

आणि एका दुपारी ती प्लॅस्टिकची फाइल छातीशी धरून आली. "बाई, आत येऊ?" आली, बसली आणि म्हणाली, "बाई, मी उल्हासनगरची नाही."

"मग कुठली?"

"त्याच्या पलीकडची."

"म्हणजे कल्याण?"

"अजून पलीकडची, बाई. सिंधमधली. तिकडची."

माझ्या हातातला लसूण हातातच राहिला. नवरा, लहान मुलगी आणि ती, असे तिघं तिकडून व्हिसावर आलेले. नवऱ्याचा नागरिकत्वाचा कागद होऊन गेला होता. हिची फाइल अडकली होती. तोवर शहर सोडायचं तर आधी अर्ज, मग परवानगी. लेकीच्या बाळंतपणाची परवानगी आली तेव्हा बाळ चाळीस दिवसांचं झालं होतं.

"आता ती परत गरोदर आहे. यावेळी मला कुणाला विचारून जायचं नाही, बाई. फाइलीत एक दाखला कमी आहे. जिल्ह्यातल्या दोन नागरिकांनी लिहून द्यायचं, की या बाईला इथली भाषा येते. एक तुम्ही द्याल, बरोबर ना बाई?"

मी कधी नव्हे ती मान हलवली नाही. "सिंधीचा घे ना दाखला, सिंधीही घटनेतलीच भाषा, चालते की," मी म्हटलं.

"सिंधी तर तिकडे पण बोलत होते. इथली म्हणून मराठीचाच द्या."

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते, हसायचं तर हसा. मला वाटलं, मी फसवली गेले. अकरा वर्षं माझ्या घरात बसून हिने माझे मेथीचे ठेपले खाल्ले, माझ्या सुनेची गाऱ्हाणी ऐकली, आणि स्वतःचं गाव सांगितलं नाही! तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी अजाणच. 'हिने का लपवलं असेल' हा प्रश्न शिवलाच नाही. 'माझ्यापासून का लपवलं' एवढाच दिसला. आणि त्या रागाच्या पाठीमागे साधी भीती बसली होती: सही केली तर चौकशीचा माणूस माझ्या दारात येईल आणि जिना ते बघेल.

'नाही' म्हणायची हिंमत नव्हती. पण नापास करता येत होतं. ते काम मी छत्तीस वर्षं केलं होतं.

"असा दाखला देता येत नाही," मी चष्मा चढवून म्हटलं. "परीक्षा घ्यावी लागेल."

तिचा चेहरा उजळला हो! "घ्या ना, बाई. मी अभ्यास करते."

"अभ्यासाला काही नाही. उद्या दुपारी तीनला ये."

शंभर गुणांचा पेपर काढला. पाच नद्या व त्यांची उगमस्थाने. (मला स्वतःला गाईड उघडावं लागलं.) पवना नदीचे महत्त्व चार ओळींत. ग्रामपंचायत व महानगरपालिका यांतील फरक. गटार तुंबल्याबद्दल तक्रार अर्ज. आणि निबंध, पाच ओळी, विषय: माझी शेजारीण. हा शेवटचा विषय का घातला? दुसऱ्याच्या अक्षरात स्वतःचं कौतुक वाचायची हौस, दुसरं काय.

ती तीनला पाच मिनिटं कमी असताना आली. आंघोळ करून, कडक इस्त्रीची साडी नेसून, दोन पेनं घेऊन. दीड तास मान वर केली नाही.

नद्यांत ती वाहून गेली. आमच्या नळाला पवनेचंच पाणी. तिच्याबद्दल लिहिलं होतं, 'ती एक दिवसाआड येते. येते तेव्हा सगळी कामं सोडून उभं राहावं लागतं. नाही आली तर बायका एकमेकींना विचारतात.' तक्रार अर्ज असा झणझणीत होता, की वाचून मीच झाडू घेऊन गटाराकडे निघाले असते. आणि निबंध होता तो असा. मला पाठ आहे.

'माझी शेजारीण बाई आहे. तिचे दार उघडे असते. मला इथे ये म्हणणारी ती पहिली. मी रोज विचारून आत जाते. कारण ती ये म्हणते ते मला ऐकायला आवडते.'

मी शेरा मारला: वाक्ये छोटी. दहापैकी सहा.

बेरीज छत्तीस झाली. पास व्हायला पस्तीस हवे होते. मी दोनदा बेरीज केली, छत्तीसच. मग लाल पेन हातात धरून तो फुलस्केप उलटापालटा केला, आणि सापडलं. तिने समास सोडला नव्हता. कागदाच्या पार डाव्या कडेपासून लिहीत गेली होती, जागा वाया न घालवता. मी लिहिलं, 'समास नाही, वजा तीन.' छत्तीस खोडले, तेहेतीस केले. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मिस्टरांनाही नाही. ते 'असेल काहीतरी' म्हणाले असते आणि तेवढंच मला पुरलं असतं.

तिने पेपर दोन्ही हातांत घेतला. खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दोन गुण कमी पडले. चूक माझी. फेरपरीक्षा कधी, बाई?"

"कळवते."

पंधरा दिवसांनी ती आली. खालच्या मजल्यावरच्या मुलीचं चौथीचं पुस्तक काखेत. "बाई, आत येऊ?"

मी खुर्चीतूनच म्हटलं, "आज नको."

तो उचललेला पाय तसाच मागे गेला. मग आठवड्याने आली. "आज नको, माझे डोळे दुखतायत." पुन्हा आली. "आज नको, पाहुणे आहेत." आत कुणी नव्हतं. दार उघडं होतं, तिला रिकामी बैठक दिसत होती. 'बरोबर ना बाई' ती त्या दिवशी म्हणाली नाही. नंतर यायची थांबली.

महिनाभराने मी काळेवाडीत भाजणी दळायला गेले. आमचा गिरणीवाला मूळ काळेवाडीचाच, जुना माणूस. पीठ भरता भरता म्हणाला, "बाई, तुमच्या शेजारनीला दिली बरं का म्या सही. एक म्या आनि एक शेजारच्या ग्यारेजवाल्या भाईनं."

"कसली सही?" मी साळसूदपणे विचारलं.

"मराठी येतंय म्हनून. आता काय सांगू, धा वर्सं वजनावरनं भांडत्यात माज्यासंगं. मराठीत भांडत्यात, आनि जिंकत्यात बी! आनिक कसली परीक्षा घ्यायची वं?"

"आणि भाईंनी काही विचारलं नाही?"

"त्यो म्हनला, कागुद मागनाऱ्याच्या दारात उभं ऱ्हायचं काय असतंय, मला ठाऊक हाय, आना हिकडं. ऑइलच्या बोटानं धरला कागुद, काळा झाला. मंग दुसऱ्या कागदावर परत केली सही, आनि वर चहा पाजला." तो पिशवीचं तोंड बांधता बांधता थांबला. "तुमच्याकडं बी आल्या हुत्या म्हनं. मी म्हनलं, बाईंनी न्हाई दिली व्हय? तर म्हनल्या, बाईंनी बरोबर केलं, माझा समास ऱ्हायला. समास म्हंजी काय वं, बाई?"

मी सांगितलं. कागदाची डावीकडची कोरी जागा.

"आन ती कशाला सोडायची?"

छत्तीस वर्षांत एकाही पोराने मला हे विचारलं नव्हतं. मी पीठ घेऊन निघाले, आणि गंमत बघा, रस्ताभर मलाच राग येत होता. माझ्याकडे फेरपरीक्षा बाकी असताना ही परस्पर दुसरीकडे गेलीच कशी!

त्याच वर्षी माझी लेक परदेशात तिकडच्या नागरिकत्वाच्या परीक्षेला बसली. रोज व्हिडिओ कॉलवर मी तिला प्रश्न विचारायची. कुठल्या राजाच्या किती बायका, त्यातल्या कितींची डोकी उडवली. लेक तिथे नर्स आहे, दिवसभर त्यांच्याच म्हाताऱ्यांना उठवते-बसवते. ती वैतागली. "आई, यांच्या म्हाताऱ्यांचं डायपर बदलायला राजाच्या बायका कशाला माहीत हव्यात?"

मी तावातावाने म्हटलं, "अन्याय आहे नुसता! असे प्रश्न काढणाऱ्याला नापासच करायचं असतं."

हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

लेक म्हणाली, "तसं नाही हं अगदी. निदान पुस्तक आधी हातात देतात. पास झालं तर पुढे नेतात. बेरीज बदलत नाहीत."

ती सहज बोलली होती. तिला काय माहीत? मी 'रेंज गेली' म्हणून फोन ठेवला.

मग बराच काळ समोरचं दार आणि आमचं दार, दोन्ही बंद असायची. जिन्यात भेटलो तर ती मान लववायची. मी "काय, कशी आहेस" म्हणायची आणि उत्तराच्या आत चार पायऱ्या उतरलेली असायची. नाशिकची नात जन्मली तेव्हाही परवानगी वेळेवर आली नाही, हे मला गिरणीत कळलं. लाडू या खेपेलाही जावयाबरोबर गेले.

दुसऱ्या वर्षी तिचा कागद झाला. एका सकाळी बेल वाजली. अकरा आणि दोन, तेरा वर्षांत तिने वाजवलेली पहिली बेल. दारात ती, हातात शेवेच्या बर्फीची ताटली, वर रुमाल. मागे नवरा, दोन बॅगा.

मी वाट बघत उभी राहिले. 'ये की, विचारतेस काय', ओठांवर तयार होतं. तिने विचारलंच नाही. ताटली उंबऱ्यावरून पुढे केली.

"ये ना आत," मीच म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा, तिने न विचारता.

"नाही बाई. नाशिकची गाडी आहे. लेकीकडेच राहणार आता." मग म्हणाली, "कुणाला विचारलं नाही. तशीच निघाले."

दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवून उभी होती. वळली आणि भराभरा जिना उतरून गेली. पाय दुखत नव्हते.

आता समोर हिंजवडीला जाणारी पोरं राहतात. साखर मागायला आली की थेट डब्यापाशी पोचतात. पाण्याबरोबर पापड आता मी देते. ती पोरं म्हणतात, आजी, हे काय नवीन?

त्या दिवशी बर्फी डब्यात काढायला रुमाल उचलला, तेव्हा त्याखाली घडी केलेला फुलस्केप होता. माझाच पेपर, पुन्हा सोडवलेला. पट्टीने आखलेला दोन बोटांचा समास. पाच नद्या, पाचही उगम बिनचूक. ग्रामपंचायत, महानगरपालिका, सगळं. अक्षर पहिल्यापेक्षा सुंदर.

शेवटी निबंध. विषय लिहून खाली रेघ मारली होती: माझी शेजारीण. त्याच्याखाली बरोबर पाच ओळींची जागा मोजून सोडली होती. कोरी.

मी चष्मा लावला, लाल पेन शोधलं आणि त्या कोऱ्या जागेला दहापैकी दहा दिले.