मामांच्या डावीकडची सीट

मामांना उशीर ठाऊकच नव्हता. साडेबाराच्या लग्नाला ते दहाला हजर, आणि मांडववाले दोर बांधत असले तर त्यांच्याशीच गप्पा मारत बसायचे. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. जनावरांचे डॉक्टर. "अडलेली गाय घड्याळ बघत नाय," असं म्हणत त्यांनी उभी हयात जीप पळवली. त्यांचे वडील करमाडच्या माळावर मेंढ्या राखायचे. मामा शिकले, उस्मानपुऱ्यात घर बांधलं, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही.

एका माणसात किती माणसं असावीत? सकाळी दवाखाना, दुपारी करमाडची मोसंबीची बाग, गुरुवारी भजनात पखवाज, आणि वर्षातून एकदा मोटार रॅली! पन्नाशीनंतर लागलेलं हे वेड. औरंगाबादहून निघायचं, दोन दिवसांत तीन जिल्हे पालथे घालायचे आणि वेरूळला पोहोचायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावायच्या. "लोक या वयात तीर्थाला जातात, आमचे पंक्चरवाल्याकडं जातात."

ही शर्यत पळायची नसते, हे लोकांना पटतच नाही. प्रत्येक टप्प्याला वेळ ठरवून दिलेली असते. उशीर झाला तर गुण कापतात, आणि लवकर पोहोचलं तर दुप्पट कापतात. आता बोला! लवकर पोहोचण्यात जन्म गेलेल्या माणसानं नेमका हाच खेळ निवडावा! म्हणून शेजारी वेळ-वेगाचा हिशेब करणारं कुणी तरी लागायचं. माझ्या नवऱ्याला घाटात मळमळायचं. मी शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा डावीकडच्या सीटवर मी बसले.

पहिल्या वर्षी मी पदर सावरत, मांडीवर कागद घेऊन अंग चोरून बसले होते. आपण चार मिनिटं पुढं आहोत, हे मला लख्ख दिसत होतं. पण सासऱ्याला 'हळू चालवा' म्हणायचं कसं? "मामा, जरा..." असं मी इतक्या बारीक आवाजात म्हटलं, की जीपच्या घरघरीत ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आम्ही शेवटून दुसरे आलो. दुसऱ्या वर्षी थोडं धाडस केलं, कागदावर मोठ्या अक्षरात 'हळू' लिहून पुढं धरलं. मामा वाचायला चष्मा शोधू लागले, तोवर वळण मागं राहिलं.

त्या संध्याकाळी मामा रागावले, पण भलत्याच गोष्टीवर.

"आपण पुढं चाललोय, हे तुला कळत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही सासरे..."

"सासरा घरात. गाडीत मी बैल हाय अन् कासरा तुझ्या हातात. बैलाला कुणी अहोजाहो करतं व्हय?"

मी हसले, पण सवय का अशी जाते? तिसऱ्या वर्षी आत्याबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "भावकी हसायलीय आपल्याला. औंदा हरलात तर सूनबाई घरी." खरं सांगते, वर्षभरातले ते दोन दिवस मला जिवापाड आवडायचे. शाळा नाही, स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत. नुसता रस्ता आणि आकडे. तेच जाणार होतं.

त्या वर्षी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचं सगळं चोख जमलं होतं. जालन्याकडून करमाड, मग फुलंब्री, खुलताबाद आणि वेरूळ, एवढंच उरलं होतं. करमाड आलं, आणि घात झाला! रस्त्याच्या कडेला अख्खी भावकी उभी. पुढं खुर्चीवर फेटा बांधून मामांचे थोरले भाऊ, मोठे मामा. झालं, आमच्या मामांच्या अंगातच आलं. गावाला गाडी पळवून दाखवायची ना! ताशी छत्तीसनं जायचं, तर गाव लांबून दिसल्यापासूनच काटा सत्तरवर, आणि आम्ही दीड मिनिट पुढं. गावाबाहेर शाळेपाशी वेळ नोंदवणारे टेबल टाकून बसलेले, आणि टेबल दिसल्यावर थांबायची मुभा नाही. थांबायचं तर इथंच, या सगळ्यांसमोर.

"मामा, पाय काढा! थांबा! थांबा म्हणते ना!"

तो आवाज माझा होता, हे मला नंतर कळलं. जीप बरोबर मोठ्या मामांच्या खुर्चीसमोर थांबली. धूळ बसली. माझा पदर खांद्यावर आलेला, तो डोक्यावर घ्यायचंही मला सुचलं नाही.

मोठ्या मामांच्या भुवया फेट्यात शिरल्या. "सुनंनं दटावलं तुला?"

"व्हय दादा," मामा शांतपणे म्हणाले, "अन् अजून दीड मिनिट आमाला हलायची परवानगी नाय. पाणी असलं तर बघा."

कुणी तरी तांब्या आणला. मामा घटाघटा पाणी प्याले. मी घड्याळावरून नजर काढली नाही. लोकांकडं बघायची छातीच नव्हती. दीड मिनिट संपलं तशी मी खणखणीत म्हणाले, "चला!" आणि मामा निघाले.

वेरूळला आम्ही पहिले आलो. पहिले! मला रडूच फुटलं, आणि मामा जीपच्या बॉनेटवर पखवाजाचा ठेका वाजवत सुटले.

गावानं सत्कार ठेवला, तर शाल एकच, डॉक्टरसाहेबांसाठी. मी बायकांत मागं बसले होते. मामांनी शाल हातात घेतली आणि माईकवर म्हणाले, "मी नुस्ता पाय हलवला. चार माणसांत सून बोलली, मी ऐकलं. हे बक्षीस ऐकल्याचं हाय." मग शाल घेऊन ते थेट बायकांत आले. आत्याबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः माझ्या खांद्यावर घातली.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी शाळा मी मुख्याध्यापिका म्हणून चालवली, बैठकांत भल्याभल्यांना गप्प केलं. ते बळ मामांचं. पण त्यांची आठवण आली की मला त्या सत्कारानंतरच्या वर्षीची, रॅलीची सकाळ दिसते. आम्ही नाव नोंदवायला रांगेत उभे होतो. मागं वळून बघते तर मोठे मामा, फेटा बांधून, आणि शेजारी त्यांची धाकटी सून, हातात कोरे कागद. मोठे मामा कसनुसे हसले. मामांनी पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नका, दादा. पहिल्या डावाला जरा मनाला लागतं. मग लई बरं वाटतं."