न्यायमूर्तींची कारकीर्द, लेकीच्या तोंडून

इथे अमेरिकेत माझी लेक ज्या फेडरल कोर्टात वकील म्हणून नोकरी करते, तिथे शंभर वर्षांपूर्वीच्या एका न्यायमूर्तींची तसबीर डागडुजी करून पुन्हा लावायची होती. त्या समारंभात त्यांच्या कारकिर्दीवर बोलायचं काम लेकीला दिलं. नोकरीत नवी, हुशार, शिवाय आपल्या रंगाची. कोर्टाच्या फोटोत शोभली असती. हे मी तिला बोललो नाही. मी राहतो त्या ट्रॉय गावाहून विमानाने गेलो, सूट घेऊन.

आदल्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरात मला भाषण म्हणून दाखवलं. न्यायमूर्ती किराणा दुकानदाराचे चिरंजीव. रेल्वे कंपनीची वकिली केली, पक्षासाठी राबले, आणि त्याचं बक्षीस म्हणून ही खुर्ची मिळाली. दारूबंदीच्या काळात भल्याभल्यांना तुरुंगात धाडलं, धमक्यांना भीक घातली नाही. आणि मग दोन वाक्यं: लाकूड कापायच्या गिरणीत काम करणाऱ्या एका पंजाबी माणसाचं नागरिकत्व त्यांनी रद्द केलं, कारण तो गोरा नव्हता. तो माणूस मरेपर्यंत कुठल्याच देशाचा राहिला नाही.

मला भरून आलं. “हे नक्की म्हण हं,” मी म्हटलं.

“ऑब्व्हियसली, बाबा.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत न्यायमूर्तींचा म्हातारा नातू कुटुंबकबिल्यासह बसला होता. लेक छान बोलली. दुकान झालं, रेल्वे झाली, दारूबंदी झाली. मी खुर्चीत सावरून बसलो. आणि ती थेट न्यायमूर्तींच्या निवृत्तीवर गेली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काय करणार! नातवाने माझा हात हातात घेऊन लेकीचं तोंडभर कौतुक केलं. मी हसून थँक यू म्हटलं आणि माझा मलाच संताप आला.

गाडीत बसल्यावर विचारलं, “ती दोन वाक्यं कोणी काढायला लावली?”

“कोणीच नाही. मीच कट केली. त्यांची फॅमिली समोर होती, बाबा. इट वॉज देअर डे. अँड आय हॅव टू वर्क देअर.”

दुसऱ्या कोणी काढायला लावली असती तर मी त्याच्या नावाने बोटं मोडली असती, चार जणांना फोन करून शिव्या घातल्या असत्या. आता कोणाला घालू? नागरिकत्व काढून घेताना त्या न्यायमूर्तींना भर कोर्टात निदान त्या माणसाचं नाव तरी घ्यावं लागलं होतं. माझ्या लेकीने तेवढंही केलं नाही.